थ्री, फाइव्ह की सेव्हन? गोल्फमध्ये गवतावरून मारायला कुठला फेअरवे वुड घ्यावा

निवांत_पार

नमस्कार मंडळी. बॅगेतल्या एका जागेवर गाडी अडलीये. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) नीट बसला तर कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून कापतो ते अंतर, २०० यार्डांच्या आसपास. त्याखाली थेट पाच नंबरचा हायब्रिड (वुडपेक्षा लहान हेडचा क्लब), तो १५० जातो. मध्ये नावाला एक जुना थ्री वुड (लांब फटक्याचा मोठ्या हेडचा क्लब) आहे, १५ अंश लॉफ्टचा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू (फेस) तेवढी मागे कललेली. टीवर (चेंडू उंच ठेवायच्या खुंटीवर) ठेवून मारला तर छान उडतो. फेअरवेवरून (आखूड गवताच्या पट्ट्यावरून) मात्र चेंडू गुडघ्याच्या वर जायला तयार नसतो, पुढे जमिनीवरून पळेल तेवढाच. लांब पार फोरवरचा (चार फटक्यांत संपवायच्या होलवरचा) दुसरा फटका, पार फाइव्हवरचा दुसरा-तिसरा, सगळे याच रिकाम्या पट्ट्यात येतात, त्यामुळे दुखणं नेहमीचं आहे. हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) विशीच्या आतबाहेर.

नवीन घ्यायचा विचार आहे. थ्री वुडच, पण आजकालचा घ्यावा? की फाइव्ह? की हल्ली ज्याचं फार ऐकू येतं तो सेव्हन? की वुडचा नादच सोडून आणखी एक हायब्रिड? लॉफ्ट फिरवून बदलता येतो तो प्रकार कामाचा आहे का? कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली तर सगळेच क्लब सगळ्यात लांब मारणारे आणि सगळ्या चुका पोटात घालणारे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोगीबाबा

प्रश्नातच उत्तर आहे की राव. टीवरून उडतो, गवतावरून उडत नाही. म्हणजे स्विंगचं सोडा, लॉफ्ट कमी पडतोय.

२०० कॅरी म्हणजे तुमच्या ड्रायव्हरचा वेग ताशी ९० मैलांच्या घरात असणार. त्या वेगाला १५ अंशांचा क्लब जमिनीवरून उचलायचा म्हणजे फटका अगदी मधोमध बसायला हवा. बसला तर उत्तम, नाही बसला तर तुम्ही लिहिलंय तेच होतं. मग माणूस चेंडू उचलायला जातो, वजन मागच्या पायावर राहतं आणि चेंडू टॉप होतो, म्हणजे वरच्या भागाला फटका बसून जमिनीलगत जातो. क्लबवरचा भरवसा उडाला की स्विंगही बिघडतो, हे उलट्या दिशेनेही खरं आहे.

आधी एकच ठरवा: हा क्लब जास्त करून टीवरून मारणार की जमिनीवरून? बाकी सगळं त्यानंतर. आणि क्लबवरच्या आकड्यावर जाऊ नका. तो चपलेच्या नंबरासारखा आहे, कंपनीगणिक माप वेगळं. बाजारात १३.५ अंशांचाही थ्री वुड मिळतो आणि १६.५ चाही. फाइव्ह साधारण १८-१९, सेव्हन २१-२२, नाइन २४ च्या आसपास. लॉफ्ट वाचा, आकडा नको.

कडेलोट

थ्री वुडला एवढं वाळीत टाकू नका हो. आमच्यासारख्यांचा जीव त्याच्यावर आहे. ड्रायव्हर सरळ गेला तर बातमी होते, तेव्हा अरुंद होलवर थ्री वुडच काढतो. ४३ इंचांचा शाफ्ट (दांडा), ड्रायव्हरपेक्षा दोन-अडीच इंच आखूड, लॉफ्ट जास्त, चेंडू निदान खेळात राहतो. फाइव्हने टीवरून तेवढं अंतर मिळत नाही.

बोगीबाबा

@कडेलोट, तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही त्याला दुसरा ड्रायव्हर म्हणून वापरताय. त्या कामाला थ्री वुड झकास. त्यातही फेस थोडा उंच असलेला घ्यावा, टीवरून सोपा जातो. निपांचं (निवांत_पार यांचं) दुखणं गवतावरचं आहे.

शाफ्टशास्त्री

थोडं इस्कटून सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचा समज असतो की नवा क्लब म्हणजे आपोआप उंच चेंडू.

गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा, त्याहून लहान चालत नाही. म्हणजे आखूड गवतावर ठेवलेल्या चेंडूचा मध्य जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटर. टीवर तो मध्य तुम्ही हवा तेवढा वर नेता. आता क्लबहेडचा गुरुत्वमध्य जर फटका बसतो त्या जागेच्या वर असेल तर दोन गोष्टी होतात: चेंडूचा वेग कमी पडतो आणि तो खाली निघून जास्त स्पिन (उलटी फिरकी) घेतो. खाली निघतो आणि लांबही जात नाही, अशी दुहेरी मार. म्हणून जमिनीवरून मारायचा वुड बसकट हवा, फेस कमी उंचीचा आणि वजन तळाशी. हेड हातात घेऊन चेंडूशेजारी टेकवून बघा. फेसचा वरचा काठ चेंडूच्या बराच वर दिसत असेल तर तो टीचा क्लब समजा.

वजन तळाशी आहे हे कळलं, आता पुढे की मागे? फेसजवळ ठेवलं की स्पिन कमी, चेंडू खालून जाणारा, लांब, पण मध्य चुकला की शिक्षा मोठी. मागे ठेवलं की चेंडू वर निघतो आणि टाचेकडे-टोकाकडे बसलेला फटकाही फार वाया जात नाही. कंपन्यांच्या 'टूर' किंवा 'एलएस' (कमी स्पिनच्या) जातीच्या हेडमध्ये वजन पुढे असतं, हेडही लहान. ९० मैलांच्या स्विंगला स्पिन कमी करून काय मिळवायचंय? तुम्हाला तो हवा आहे, चेंडू हवेत टिकायला.

फेसच्या खालच्या भागातल्या फटक्याचं नुकसान कमी करायला तळाला खाच ठेवतात. टेलरमेडने २०१२ मध्ये रॉकेटबॉल्झच्या फेअरवे वुडमध्ये ती आणली, तेव्हा बरीच चर्चा झाली होती. ती खाच खरंच काम करते. पण लॉफ्टची उणीव भरून काढत नाही.

रानजाई

माझ्या बॅगेत फाइव्ह, सेव्हन आणि नाइन. थ्री वुड नाहीच. त्यावरून पूर्वी टोमणे ऐकलेत, 'हे बायकांचे क्लब' वगैरे. २०२० च्या मास्टर्स स्पर्धेत डस्टिन जॉन्सन सेव्हन वुड घेऊन खेळला आणि २० अंडर (पारपेक्षा २० फटके कमी) मारून जिंकला, तेव्हापासून टोमणे जरा कमी झालेत.

निपा, तुमच्यासाठी काही आकडे. ट्रॅकमॅनचा (फटक्याचा वेग-अंतर मोजणाऱ्या यंत्राचा) एलपीजीए (बायकांच्या व्यावसायिक टूरच्या) खेळाडूंच्या सरासरीचा जुना तक्ता आहे. त्यात थ्री वुडचा क्लबवेग ताशी ९० मैल आणि कॅरी १९५ यार्ड, फाइव्हची १८५, सेव्हनची १७४. या बायका रोजच्या रोज मध्यावर मारतात, तरी थ्री आणि फाइव्हमध्ये फरक दहाच यार्डांचा! तुमचा थ्री वुडचा वेग ९० पेक्षा कमीच असणार. तुमच्या हातात हा फरक शून्यावर येईल, किंवा उलटा होऊन फाइव्हच लांब जाईल.

दुसरं म्हणजे चेंडू उतरतो कसा. त्याच तक्त्यात थ्री वुडचा उतरण्याचा कोन ३९ अंश, सेव्हनचा ४६. ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी आखूड गवतावर) पडून थांबायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे. थ्री वुडने ग्रीन गाठलं तरी आमच्यासारख्यांचा चेंडू मागच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जाऊन बसतो.

डावखुरा

रानजाई +१.

अवांतर: डाव्या हाताने खेळणाऱ्यांनी हा धागा वाचून हुरळून जाऊ नये. आपल्यासाठी सेव्हन-नाइन निघालेत की नाहीत ते आधी बघा. पुष्कळ मॉडेलांत थ्री आणि फाइव्ह एवढंच डावं मिळतं.

मूळ प्रश्नातला हायब्रिडचा भाग राहिला. सेव्हन वुड आणि तीन नंबरचा हायब्रिड यांचा लॉफ्ट जवळपास सारखाच. वुडचा शाफ्ट इंचभर लांब, हेड मोठं, तळ रुंद. साध्या फेअरवेवरून वुड जास्त उंच आणि थोडा लांब जातो, अलगद उतरतो. रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) चेंडू खोल बसला असेल तर हायब्रिडचं लहान हेड गवत कापत जातं, वुडचं हेड गवतात अडकतं. आणि ज्यांचा चेंडू हूक होतो (उजव्या हाताच्या खेळाडूचा डावीकडे वळतो) त्यांना हायब्रिड आणखी हूक मारतो असा माझा तरी अनुभव आहे. तुमचे चुकलेले चेंडू कुठल्या बाजूला जातात आणि फेअरवे किती वेळा चुकतो, यावर ठरवा.

निवांत_पार

सगळ्यांचे आभार, इतक्या लवकर इतकं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं. माझे चेंडू चुकले तर बहुतेक उजवीकडे. रफमध्ये जातो, पण आमचं रफ फार वाढलेलं नसतं.

एक शंका. लॉफ्ट बदलता येणारा थ्री वुड घेतला आणि १५ चा १७ करून टाकला तर एकाच क्लबात दोन्ही कामं नाही का होणार? टीवर वेगळा, गवतावर वेगळा.

शाफ्टशास्त्री

पहिली अडचण नियमाची: खेळ चालू असताना फिरवाफिरवी करता येत नाही. राउंडच्या आधी जे लावाल तेच शेवटपर्यंत.

दुसरी अडचण भूमितीची. गळ्याशी (हेड आणि शाफ्ट जोडतात तिथे) फिरवून लॉफ्ट वाढवला की क्लब जमिनीवर टेकवल्यावर फेस थोडा बंद दिसतो, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूला डावीकडे बघणारा. कमी केला की उघडा. तुमचे चेंडू उजवीकडे जातात म्हणताय, तर लॉफ्ट वाढवल्याने फायदाच होईल, हा भाग बरा. पण हूकवाल्याने थ्रीचा फोर करायला घेतला तर चेंडू शोधायला डावीकडच्या झाडीतच जावं लागेल.

तिसरं, १७ अंशांवर नेलेला थ्री वुड म्हणजे फाइव्ह नव्हे. शाफ्ट ४३ इंचांचाच राहतो, हेड मोठंच राहतं. फाइव्ह साधारण ४२.५, सेव्हन ४२. अर्धा-एक इंच ऐकायला किरकोळ वाटतो, पण मध्यावर मारायची शक्यता तिथेच वाढते.

माझं मत: अ‍ॅडजस्टेबल गळा अंशभर इकडेतिकडे करून दिशा जुळवायला चांगला. दोन क्लबांचं काम एकात करायला नव्हे. आणि हो, एका कंपनीचा अडॅप्टर (गळ्यातला जोड) दुसऱ्या कंपनीच्या हेडला बसत नाही, कधीकधी त्याच कंपनीच्या जुन्या हेडलाही बसत नाही. वापरलेले शाफ्ट घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

कडेलोट

मग फोर वुडचं काय? १६.५-१७ अंश. एकच वुड ठेवायचा असेल तर मधला मार्ग.

बोगीबाबा

कडेलोट, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. फोर वुडला इतिहासही आहे. १९३५ च्या मास्टर्समध्ये जीन साराझेनने पंधराव्या होलवर, म्हणजे पार फाइव्हवर, २३५ यार्डांवरून दुसरा फटका थेट होलमध्ये घातला तो फोर वुडनेच. त्या अल्बट्रॉसने (पारपेक्षा तीन फटके कमी) बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला. तेव्हा वुड खरोखरच लाकडाचे असायचे.

पण निपांनी तो घ्यावा का? टीवरून त्यांचा थ्री चालतोय. मग मधला मार्ग कशाला, गवतावरचा क्लब सरळ गवतासाठीच घ्यावा.

रानजाई

शाफ्टवर कोणीच बोललं नाही, मी सुरुवात करते, शास्त्रीबुवा पुढचं बघतील. माझा सेव्हन आधी मिळाला त्यात मूळचा शाफ्ट फार हलका होता. क्लब वरच्या टोकाला कुठे आहे तेच कळायचं नाही. थोडा जड बसवल्यावर ताल आला.

शाफ्टशास्त्री

बरोबर. ढोबळ हिशेब असा की ड्रायव्हरच्या शाफ्टपेक्षा फेअरवे वुडचा दहा ग्रॅमच्या आसपास जड असावा. बॅगेत वरून खाली येताना वजन हळूहळू वाढत जावं, मध्येच हलका आला की लय मोडते. ड्रायव्हरमध्ये ५५ ग्रॅमचा असेल तर इथे ६५ बघा. फ्लेक्सची (शाफ्टच्या लवचिकतेची) अक्षरं कंपनीगणिक सैल-घट्ट असतात, तेव्हा ड्रायव्हरमध्ये जो शाफ्ट जमलाय त्याच घराण्यातला घेतला तर निम्मी डोकेदुखी वाचते.

लांबी कमी करायची असेल तर कापण्याआधी ग्रिप खाली धरून महिनाभर खेळा. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) तीन अंकांनी उतरतं, हेड हलकं वाटायला लागतं, मग त्यात वजन घालत बसा.

डावखुरा

आणि मॅटवर (नकली गवताच्या चटईवर) चाचणी घेऊन क्लब विकत घेऊ नका. मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी घसरत पुढे जातो आणि पडद्यावर चांगला आकडा येतो. तोच फटका गवतावर फॅट, म्हणजे चेंडूआधी जमिनीत रुतणारा. शक्य असेल तिथे खऱ्या गवतावर, आपल्या नेहमीच्या चेंडूने मारा. रेंजवरच्या झिजलेल्या चेंडूंचे आकडे काहीही येतात.

फेसवर पायाच्या पावडरचा स्प्रे मारला की फटका कुठे बसला ते दिसतं. ठसे सगळे फेसच्या तळाला दिसले तर शास्त्रींनी वर लिहिलंय ते आपोआप पटेल.

बोगीबाबा

यात माझी भर: सगळ्यात लांब गेलेला फटका लिहूनच ठेवू नका. विक्री करणारा तोच दाखवतो आणि आपणही घरी येऊन तोच सांगतो. खराब गेलेले किती लांब गेले ते लिहा. फेअरवे वुड त्यावर निवडायचा.

चेंडूची जागाही तपासा. डाव्या टाचेच्या किंचित आत. ड्रायव्हरसारखा पार टाचेसमोर ठेवला तर तुम्ही वर येताना मारणार, आणि खालून वर येणारा फेअरवे वुड म्हणजे टॉप. 'झाडू मारल्यासारखा मारा' असं सगळे सांगतात, पण टूरवरचे पुरुष खेळाडूही थ्री वुड सरासरी तीनेक अंश खाली येतानाच मारतात.

निवांत_पार

खूप दिवसांनी धागा वर काढतोय. एका फिटरकडे (खेळाडूला क्लब जुळवून देणाऱ्याकडे) गवतावरून मारायची सोय मिळाली, आपला चेंडू घेऊन गेलो होतो. तिन्हींची हेड बसकट जातीची, शाफ्ट ६५ ग्रॅमचा.

थ्री, १५ अंश: एक १८४ गेला, काय सुरेख गेला. बाकीचे बरेचसे १५० च्या खालीवर.
फाइव्ह, १८ अंश: नीट बसलेले १७२ ते १८०, खराब बसलेले १५५ पर्यंत खाली.
सेव्हन, २१ अंश: जवळजवळ सगळे १६२ ते १७० मध्ये. आणि उंच! चेंडू असा वर जाताना मी माझ्या हातून पाहिला नव्हता.

उजवीकडे जाणंही सेव्हनमध्ये कमी. आता अडचण अशी की सेव्हन घेतला तर १७० आणि ड्रायव्हरच्या २०० च्या मध्ये मोठी फट राहते. फाइव्हने ती कमी होते. फिटरचं म्हणणं फाइव्ह.

कडेलोट

फाइव्ह घे रे. दहा यार्ड म्हणजे एक पूर्ण क्लब.

रानजाई

मी सेव्हन म्हणेन. फट आहे खरी, पण ती कुठे आहे? ड्रायव्हर तुम्ही टीवरूनच मारता. टीवर ती फट तुमचा जुना थ्री वुड भरतोय, तो ठेवा. गवतावरून १७० च्या पुढचा फटका तुमच्याकडे आज नाहीच, फाइव्हनेही तो दोनातून एकदाच येतोय. १८५ उरलेत आणि सेव्हन १६८ गेला, तर १७ यार्डांची चिप (छोटा फटका) उरते. फाइव्ह १५५ ला पडला तर ३० उरतात आणि बहुधा चेंडू बाजूला असतो.

शाफ्टशास्त्री

रानजाईंचा हिशेब पटला. फक्त वाऱ्याचं बघा. समोरून वारा असताना सेव्हन वर जाऊन तिथेच थांबतो, अंतर चांगलंच कापलं जातं. मोकळ्या, वाऱ्याच्या कोर्सवर नेहमी खेळत असाल तर पारडं फाइव्हकडे झुकतं. तुमच्याकडे झाडी असेल तर सेव्हन.

निवांत_पार

झाडीच झाडी आहे. सेव्हन ठरला. थ्री वुड फक्त टीवर. बॅगेत सध्या बाराच क्लब आहेत, त्यामुळे चौदाच्या मर्यादेची चिंता नाही, काही काढावं लागणार नाही.

वापरलेला चांगल्या स्थितीतला मिळतोय. काय बघून घ्यावा?

डावखुरा

फेसवर खळगा किंवा तडा नको, बोट फिरवून बघा. वरच्या कडेला ओरखडे असतील तर हरकत नाही, ते दिसायचं दुखणं. हेड कानाशी धरून हलवा, आत काही खुळखुळत असेल तर सोडून द्या. शाफ्ट मूळ लांबीचा आहे का ते मोजा, लोक कापून विकतात आणि सांगत नाहीत. लोकप्रिय मॉडेलांची नकली हेडं पुष्कळ फिरतात, तेव्हा अनुक्रमांक बघा आणि रंग-अक्षरं कंपनीच्या चित्राशी ताडून घ्या.

रानजाई

आणि घेतल्यावर पहिले काही दिवस हायब्रिडसारखा खाली आपटू नका. शाफ्ट लांब आहे, त्याला वेळ द्या. टीवरून मारलात तर टी जवळजवळ पूर्ण आत खोचा, चेंडू गवताच्या टोकाला टेकलेला दिसला पाहिजे. जमला तर नाइनचं बोलू, दोन जागा रिकाम्या आहेतच तुमच्याकडे.